हात लावू नये

"मेलं म्हणजे नेमकं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मेलं म्हणजे मेलं, बाई. काम करत नाही."

"काम न करणारं सगळंच मेलेलं असतं का रे?"

काटोलच्या पुढच्या एका गावात, बाईंच्या अंगणातल्या बाजेवर प्रफुल्ल वैरागडे बसला होता. मांडीवर थर्मास होता आणि डोक्यात एकच काम होतं. बाईंकडून एक 'हो' घ्यायचा आणि दुपारच्या आत नागपूर गाठायचं.

देवपुजारी बाईंनी आयुष्यभर नागपूरच्या एका प्रयोगशाळेत एन्झाइम शिकवले होते. निवृत्त झाल्या आणि भावाच्या संत्र्याच्या बागेशेजारी येऊन राहिल्या. प्रफुल्ल त्यांचा शेवटचा विद्यार्थी. ही गोष्ट तो स्वतः विसरत नसे आणि चारचौघांनाही विसरू देत नसे.

बाई विळीवर बसून संत्र्याच्या साली चिरत होत्या.

"आणि मारलं कोणी?"

"रुबिनानं."

विळी थांबली... मग पुन्हा चालू लागली.

रुबिना पठाण त्याच प्रयोगशाळेत त्याच्यामागून आलेली मुलगी. दिवाळीच्या सुटीनंतर प्रफुल्ल सगळ्यांच्या आधी हजर झाला, तेव्हा थंड खोलीचं दार किलकिलं दिसलं. आत फळीवर त्याचं वर्षभराचं एन्झाइम होतं. सुटीआधी शेवटची कोण गेली? रुबिना. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "बंद केलं असेल, दादा. पण नक्की आठवत नाही."

खरं बोलली आणि फसली. प्रफुल्लनं तेवढ्यालाच कबुलीजबाब मानलं आणि विभागप्रमुख टेंभुर्णे सरांकडे जाऊन उभा राहिला.

"सर म्हणाले, देवपुजारी बाई जर म्हणाल्या की उबेनंच मेलं, तर मी मानीन. मग उद्यापासून ती प्रयोगशाळेत नाही." प्रफुल्लनं थर्मास सावरला. "तुम्ही फक्त हो म्हणा, बाई. फोनवर म्हटलंत तरी चालेल."

"तुझं मलूल पडलेलं एन्झाइम मी फोनवर बघू?"

"बघायला आणलंय नं सोबत."

"मग घाई कशाची? आधी सांग, कसं काढलंस ते."

हा प्रश्न प्रफुल्लच्या आवडीचा होता. तो बाजेवर सरसावून बसला.

फळाच्या सालीत पेक्टिन असतं. जॅम जमतो तो त्याच्यामुळे. पेक्टिन म्हणजे एका लांब माळेसारखं असतं, आणि त्या माळेचा एकेक मणी म्हणजे गॅलॅक्टुरोनिक आम्ल, साखरेच्याच कुळातलं पण आंबट वळणाचं. प्रफुल्लचं एन्झाइम ही माळ तोडतं. घट्ट पेक्टिनमध्ये चार थेंब टाकले की ते पाण्यासारखं पातळ व्हायचं. सडक्या सालींच्या ढिगातल्या बुरशीतून त्यानं ते शोधलं होतं आणि एकेक पायरी चढत शुद्ध केलं होतं.

"शेवटच्या पायरीला गॅलॅक्टुरोनिक आम्लानंच धुऊन काढलं," तो म्हणाला. "एन्झाइमला त्या मण्याची ओढ, म्हणून ते बाकी सगळं सोडून त्याच्याकडे धावतं. असं शुद्ध एन्झाइम आपल्याकडे कोणी काढलेलं नाही, बाई. डाग म्हणून नाही."

"आणि ते काम करत नाही."

"नाही."

"आणि सुरुवातीचं, गाळ असलेलं?"

"ते करत होतं."

"म्हणजे जितकं शुद्ध केलंस तितकं ते मुकं झालं..."

"मुकं नाही बाई, मेलं. दार उघडं होतं म्हणून."

बाईंनी चिरलेल्या साली परातीत सारल्या. "धुऊन काढल्यावर तोंडातला तो मणी काढून घ्यावा लागतो. तोंडात घास असला तर कोण दुसरा घास घेणार? ते केलंस?"

"केलं नं. डायलिसिसच्या पिशवीत भरलं, पिशवी पाण्यात सोडली. लहानसा मणी पिशवीतून बाहेर पडतो, एन्झाइम मोठं, ते आत राहतं. तुम्हीच शिकवलंय." तो जरा हसला. "पूर्ण दिवाळीभर होतं पाण्यात."

"संध्याकाळी शेवटी कोण जातं हल्ली?"

"रुबिनाच जाते. सगळ्यांच्या पिशव्यांचं पाणी बदलून जाते. तुम्हीच घालून दिलेली रीत ती, शेवटचा जाणारा सगळ्यांचं पाणी बदलणार. पण माझ्या पिशवीला ती शिवलेली नाही. तेवढी काळजी मी घेतली होती."

"कशी?"

"चिठ्ठी लावली होती काचपात्रावर. लाल शाईत. 'हात लावू नये. प्रफुल्ल वैरागडे.' वर्षाचं काम आहे, बाई. कोणाच्या हातून पिशवी फाटली बिटली तर?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"फक्त तेवढं दार तिच्या हाती राहिलं," प्रफुल्ल म्हणाला. "आणि तिथंच तर घोडं पेंड खातं."

"हं," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. परात त्याच्यासमोर ठेवली. "मी भावाकडे जाऊन येते. तोवर या सालींचा कडूपणा काढून ठेव. मुरंबा घालायचा आहे."

"मी?"

"मग काय थर्मास काढेल?"

"बाई, मला परत जायचंय. सर वाट बघून राहिले."

"पातेलं चुलीवर आहे. पाणी माठात आहे."

आणि पायात चपला सरकवून त्या गेल्याही.

प्रफुल्लला राग आला. चाळीस मैल गाडी हाणत यायचं ते साली उकळायला? पण बाईंचा 'हो' घेतल्याशिवाय परतण्यात अर्थ नव्हता. तो चुलीसमोर बसला. आणि एकदा बसला म्हटल्यावर काम असं करायचं की बाईंनी बघत राहावं. नाकावर माशी बसू न देणारा गडी तो.

साली पातेल्यात टाकल्या, पाणी ओतलं, सरपण पुढे सारलं. उकळी फुटली. एक साल चाखली. कडू.

जाळ वाढवला. पुन्हा चाखली. कडूच.

उष्णता कमी पडत असेल म्हणून वर झाकण घातलं. मीठ टाकलं, कारण मिठानं काही गोष्टी सुटतात हे त्याला माहीत होतं. लिंबू दिसलं, तेही पिळलं. पाणी पिवळंधमक झालं, साली मऊ पडल्या, अंगण वासानं भरून गेलं. त्यानं चाखून बघितलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

बाई परतल्या तेव्हा तो घामाघूम होऊन फुंकणीनं चूल फुंकत होता.

"निघाला कडूपणा?"

"या सालीच खराब आहेत, बाई."

"असं?"

"नाहीतर झाडाचा दोष असेल. किंवा... पातेलं तरी बरोबर नाही. कल्हई गेलीय याची."

बाईंनी वाकून पातेल्यात बघितलं. मग पदरानं धरून ते उचललं, मोरीपाशी नेलं आणि सगळं पिवळं पाणी ओतून दिलं. साली चाळणीत निथळल्या. पातेलं विसळून माठातलं नवं पाणी घातलं आणि पुन्हा चुलीवर ठेवलं.



उकळी आली तसं तेही पाणी ओतून दिलं. पुन्हा नवं घातलं. प्रफुल्ल बघत होता. पुन्हा उकळी आल्यावर बाईंनी एक साल चमच्यावर घेतली, फुंकर मारली आणि त्याच्यापुढे धरली.

त्यानं भीतभीतच चावली. कडूपणा नव्हता. होता तो नुसता संत्र्याचा वास आणि जिभेच्या टोकाशी जराशी चुरचुर.

"जाळ तर मी जास्त लावला होता," तो पुटपुटला.

"हो नं. लावला होतास."

"मग..."

बाईंची नजर बाजेवर ठेवलेल्या थर्मासकडे गेली. "त्यात काय आहे?"

"पिशवी. एन्झाइमची."

"नुसतीच?"

"नाही, पाण्यात आहे. त्याच पा..."

प्रफुल्लचं वाक्य तिथंच राहिलं.

तो थर्मासकडे बघत राहिला. मग मोरीत वाहून गेलेल्या पिवळ्या पाण्याच्या ओघळाकडे बघितलं. मग पुन्हा थर्मासकडे.

"बाई... पाणी बदललंच नाही कोणी."

बाई सालींवर झाकण ठेवत होत्या.

"मी नाही बदललं. मी कधीच बदलत नाही. आल्या दिवसापासून संध्याकाळी कोणीतरी बदलून ठेवतंच, म्हणून माझ्या डोक्यातच येत नाही. सकाळी यायचं, पिशवी तयार असते. यावेळेलाही मी तेच धरून चाललो. आणि वर चिठ्ठी..." त्यानं कपाळावर हात मारला. "चिठ्ठी माझीच होती!"

प्रफुल्लचं तोंड लाल झालं होतं. एवढ्या लहानशा पात्रातलं तेवढंसं पाणी. दिवाळीभर पिशवीतलं आम्ल बाहेर आलं, बाहेरचं तितकंच आत गेलं. जसं होतं तसं राहिलं. एन्झाइमच्या तोंडातला घास तोंडातच. आणि इकडे येताना त्यानं ते पाणी, सांडू नये म्हणून, थेंबन्‌थेंब थर्मासात भरून आणलं होतं.

"मोठं भांडं द्या, बाई."

"घे. हात धू आधी."

माठातलं गार पाणी पितळी गंजात काढलं. शेजारून बर्फ आणला. प्रफुल्लनं थर्मास मोरीत उलटा केला आणि पिशवी अलगद गंजात सोडली. साध्या पाण्यानं तिला काही होणार तर नाही, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "बुरशीची लेक आहे ती, उकिरड्यावर वाढलेली. तुझ्याएवढी नाजूक नसेल."

मग वाट बघणं आलं.

थोड्या वेळानं पाणी बदललं. पुन्हा थोड्या वेळानं बदललं. बाईंनी त्याला वरण-भात वाढला. तो जेवला, पण लक्ष गंजाकडेच होतं. जेवताना टेंभुर्णे सरांचा फोन आला.

"काय रे, काय म्हणाल्या बाई?"

"सर, बाई अजून काही म्हणाल्या नाहीत."

"मग दिवसभर करताय काय तुम्ही दोघं?"

"पाणी बदलून राहिलो, सर."

सरांना काही कळलं नाही. प्रफुल्लला आता कुठे कळू लागलं होतं. फोन ठेवल्यावर त्यानं गंजातलं पाणी पुन्हा बदललं. एन्झाइम खरंच मेलेलं असलं तर? तर गोष्ट सोपी होती, रुबिनाचं दार होतंच. आणि जिवंत निघालं तर? त्यानं एका पोरीचं नाव घेऊन तिला बाहेर काढायला सांगितलं होतं, तेही सरांच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत. ती खाली मान घालून उभी होती ते त्याला आठवलं. तेव्हा ती मान त्याला अपराध्याची वाटली होती.

आणि तरीही ते जिवंत निघावं असंच त्याला वाटत होतं. सकाळी इथे येताना त्याला ते मेलेलंच हवं होतं, ही गोष्ट आत्ता आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

उन्हं कलली तेव्हा बाई आतून दोन पेले घेऊन आल्या. दोन्हीत सकाळपासून आटवलेला, गाळून घेतलेला सालींच्या पांढऱ्या भागाचा रस होता. पेला तिरपा केला तरी हलायचं नाव नाही, असा दाट. म्हणजे नुसतं पेक्टिन.

"यात टाक."

प्रफुल्लनं पिशवीची गाठ सोडली. चमच्यानं काही थेंब एका पेल्यात घातले. दुसऱ्यात नुसतं पाणी. दोन्ही पेले चुलीजवळ उबेला ठेवले. मग तो तिथंच फरशीवर उकिडवा बसला आणि पेल्यांकडे बघत राहिला.

"सारखं हलवू नको," बाई म्हणाल्या.

"नाही हलवत."

"मग हात काऊन पुढे चालला?"

त्यानं हात मागे घेतला.

बाईंनी मुरंब्याचा पाक केला, सालींत ओतला, वेलदोडे कुटले. कुटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बघ आता."

त्यानं आधी साध्या पाण्याचा पेला तिरपा केला. रस कुशीवर वळल्यासारखा हळूच सरकला आणि थांबला.

मग एन्झाइमचे थेंब टाकलेला पेला उचलला. त्यानं तो जेमतेम कलता केला आणि रस भळकन काठाशी आला. बोटांवरून ओघळला, मनगटावर, बाहीत.

"बाई!"

"दिसलं."

"बाई, चालतंय! पाण्यासारखं झालंय! अहो, जिवंत आहे!"

"ओरडू नको, गाय बिचकते."

प्रफुल्लचा जीव भांड्यात पडला. तो हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला, आणि डोळ्यांना रस लागून ते आणखीच चुरचुरले. बाईंनी त्याच्या हातावर पाण्याचा तांब्या ओतला. त्यानं तोंड धुतलं.

मग खिशातून फोन काढला. नावांमध्ये आधी टेंभुर्णे सर दिसले. ते नाव त्यानं मागे सारलं.

"रुबिना? प्रफुल्ल बोलतोय... हो, बाईंकडूनच. ऐक. एन्झाइम जिवंत आहे."

"जिवंत?" पलीकडून आवाज आला.

"दाराचा काही संबंध नाही. पाणी बदललं गेलं नव्हतं. माझ्या पिशवीचं. माझीच चूक होती, सगळी. सरांना आत्ता सांगतो. आणि त्या दिवशी सगळे होते नं, उद्या त्या सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं, रुबिना."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. मग रडू आणि हसू एकदमच.

"अब्बूंना मी अजून सांगितलंच नव्हतं, दादा. आज रात्री सांगणार होते. कसं सांगायचं तेच जमवून राहिले होते सकाळपासून."

"आता नको सांगू."

"नाही सांगत." ती थांबली. "दादा, एक विचारू? सुटीच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्या पात्राजवळ थांबले होते. पाणी बदललेलं नव्हतं. बदलावंसं वाटलं होतं..."

"मग?"

"मग चिठ्ठी वाचली."

"उद्या भेटू," प्रफुल्ल म्हणाला.

सरांचा फोन लवकर आटोपला. सर आधी चिडले, मग म्हणाले की चला, पोरगी वाचली, आणि तूही वाचलास. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होतो की रे आपण, असंही म्हणाले. ते प्रफुल्लनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्याला आज कोणाचंही काहीही ऐकून घेणं सोपं वाटत होतं. सकाळपासून छातीवर काहीतरी होतं, ते उतरलं होतं.

निघायची वेळ झाली. बाईंनी मुरंब्याच्या दोन बाटल्या भरल्या. "एक तुझी, एक रुबिनाची. तिची आधी दे."

"हो, बाई."

पिशवी पुन्हा थर्मासात ठेवली, नव्या पाण्यात. त्यानं बाईंच्या पाया पडून थर्मास खांद्याला लावला, गाडीपर्यंत गेला आणि परत आला.

"बाई, मी पिशवीचं सांगितलं तेव्हाच तुमच्या लक्षात आलं होतं नं?"

"आलं होतं."

"चिठ्ठीचं म्हणालो तेव्हा?"

"तेव्हाच."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत? एका वाक्याचं तर काम होतं. दिवसभर साली उकळायला लावल्या मला..."

बाई मोरीपाशी उभ्या राहून पातेलं विसळत होत्या. पाणी ओतून दिलं, पातेलं उपडं घातलं, आणि ओले हात पदराला पुसत त्याच्याकडे वळल्या.

"कशी सांगणार, बाबा?" त्या म्हणाल्या. "तू आलास तेव्हा तुझ्यावर चिठ्ठी होती."